हळदीकुंकवाच्या दिवशी कशाला?

"अहो मॅडम, विषय चांगलाच आहे हो, प्रश्नच नाही. पण हळदीकुंकवाच्या दिवशी कशाला?" मंडळाच्या चिटणीसबाई फोनवर इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की रागवायलाही जागा राहिली नाही. मुलुंडमधलं आमच्या भागातलं हे महिला मंडळ दर संक्रांतीला कुणाला तरी बोलवून अर्धा तास काहीतरी ऐकतं. मग उखाणे, मग वाण, मग मसाला दूध. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून यंदा माझा नंबर लागला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या बायकांना ठाण्यांत डांबून वापरलं, ज्यांना जगभर 'कम्फर्ट विमेन' म्हणून ओळखतात, त्यांच्याबद्दल बोलेन म्हटलं. "त्यापेक्षा जुन्या मुंबईतल्या बाजारपेठा घ्या ना, बायकांना आवडेल," असं त्यांनीच सुचवलं. घेतल्या. मूळजी जेठा मार्केट, भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट. बायकांना आवडलंही. हॉलभर काळ्या साड्या, चंद्रकळा, खणाच्या चोळ्या; दारात गुलाबदाणी शिंपडणाऱ्या दोन मुली आणि अत्तराचा तो मनगटाला दिवसभर चिकटून राहणारा वास. वाण म्हणून हवाबंद झाकणाचा डबा मिळाला. चांगला आहे, मी त्यात रवा भरलाय.

पण प्रश्न काही सुटेना. बाईंनी विचारला तो टाळण्यासाठी, तरी प्रश्न म्हणून तो अगदी रास्त आहे. हा विषय मग नेमका कोणत्या दिवशी काढायचा? आठ मार्चला गुलाबी फुगे असतात, मोफत हाडांची तपासणी असते आणि ब्यूटी पार्लरची कूपनं असतात. नवरात्रात नऊ रंग असतात. गणपतीत तर विषयच नको. शाळेत म्हणाल, तर महायुद्धाचा धडा परीक्षेच्या तोंडावर येतो आणि दोस्त राष्ट्रं कोण, अक्ष राष्ट्रं कोण, जोड्या लावा, एवढ्यावर संपतो. या विषयाला आपल्याकडे वारच नाही.

खरं तर त्याला एक तारीख आहे. चौदा ऑगस्ट. १९९१ साली त्या दिवशी सेऊलमध्ये किम हाक-सून नावाची सत्तरीकडे झुकलेली एक बाई पत्रकारांसमोर बसली आणि स्वतःचं नाव सांगून, चेहरा न झाकता म्हणाली की ते माझ्यासोबत झालं. १९४१ मध्ये, सतरा वर्षांची असताना, बीजिंगमध्ये जपानी सैनिकांनी तिला उचललं होतं. काही महिन्यांनी एका कोरियन माणसाच्या मदतीने ती निसटली, पुढे त्याच्याशीच संसार केला, दोन मुलं झाली. नवरा गेला, मुलंही गेली. ती मोलमजुरी करून एकटी जगत राहिली. जपान सरकार म्हणत होतं की हा सगळा खाजगी दलालांचा व्यवहार, सैन्याचा त्यात हात नाही. ते ऐकून तिचा पारा चढला. मी इथे जिवंत बसले आहे आणि तुम्ही नाही म्हणता? युद्ध संपून सेहेचाळीस वर्षं झाली होती. कोरियातली कुणीही त्याआधी असं नावानिशी उघड बोलली नव्हती. तिच्यानंतर फिलिपिन्समध्ये मारिया रोसा हेन्सन बोलली, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली डच यान रफ-ओहर्न बोलली. तिने पन्नास वर्षं स्वतःच्या मुलींनाही सांगितलं नव्हतं. चीन, तैवान, इंडोनेशिया, एकेक करत बायका पुढे आल्या. किम हाक-सून १९९७ मध्ये वारली. कोरिया आता १४ ऑगस्ट हा अधिकृत स्मृतिदिन म्हणून पाळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मुक्तिदिन. म्हणजे आपलाच १५ ऑगस्ट, साल १९४५.

आमच्या शाळेत १४ ऑगस्टला मैदानावर कवायतीची रंगीत तालीम असते. ढोल, लेझीम, चिखल, "एक साथ सावधान", आणि भिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांचा तो कुबट वास.

युद्धातल्या बाईची एकच गोष्ट मराठी मुलाला पाठ असते. कल्याणच्या सुभेदाराची सून. आमच्या इथून कल्याण लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर, त्यामुळे मुलांना ती गोष्ट घरचीच वाटते. स्नेहसंमेलनात दर दोन-तीन वर्षांनी ती बसतेच. महाराजांचं काम करायला मुलं भांडतात. आबाजी सोनदेव होणाऱ्याला दाढी मिळते. सून होणारी मुलगी डोक्यावरून पदर घेऊन मधोमध उभी असते. एका वर्षी सहावीतल्या अशा एका मुलीने तालमीत मला विचारलं होतं, "बाई, मला एकपण डायलॉग नाहीये?" खरंच नव्हता. साडी-चोळी देऊन तिची पाठवणी होते, टाळ्या पडतात, पडदा पडतो. या गोष्टीला समकालीन पुरावा नाही हे मला माहीत आहे, तरी ती मला प्रिय आहे. मुलांनी ती ऐकत मोठं व्हावं असंच मला वाटतं. बाईवर अत्याचार करणाऱ्या रांझ्याच्या पाटलाला शिक्षा सुनावणारं महाराजांचं पत्र मात्र अस्सल आहे, १६४६ चं. त्यात पाटलाला झालेली कडक शिक्षा कळते. बाई कोण, तिचं पुढे काय झालं, हे त्यात येत नाही.

जी वाचली तिची गोष्ट आपल्याकडे आहे. जिने विहीर जवळ केली तिच्याही गोष्टी आहेत, गावोगावी आहेत, शेंदूर लावलेले दगड आहेत. जिच्यावर ते सगळं झालं आणि जी तरीही जगली, परत आली, भाजी विकली, म्हातारी झाली, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेली, तिची गोष्ट आपल्याकडे नाही. म्हणून ती समोर येऊन बसली तर तिला कुठे बसवायचं तेच आपल्याला कळत नाही. किम हाक-सूनला सेहेचाळीस वर्षं लागली ती धैर्य गोळा करायला लागली, असं लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. धैर्य तिच्यात सतराव्या वर्षीच होतं, नाहीतर ती पळाली नसती. ऐकणारं कोणी तयार व्हायलाच तेवढी वर्षं लागली.

या विषयाचा तास घ्यायचा तर काय सांगायचं आणि काय नाही, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. शरीरावर काय झालं याचं वर्णन चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे करायचं नाही, हे पक्कं. त्याने मुलं एकतर खाली मान घालतात किंवा मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. मग मी कागदांपासून सुरुवात करायचं ठरवलं. जपानी इतिहासकार योशिमी योशिआकी यांना संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सैन्याचे जुने कागद सापडले आणि जानेवारी १९९२ मध्ये ते वर्तमानपत्रात छापून आले. त्यात ४ मार्च १९३८ ची एक सूचना आहे. ठाण्यांसाठी बायका गोळा करणारी माणसं नीट पारखून नेमा, स्थानिक पोलिसांशी संधान ठेवा, सैन्याच्या अब्रूला धक्का लागता कामा नये, असा तिचा आशय. अब्रूची काळजी होती, पण सैन्याच्या. युद्ध हरल्यावर असे कागद जाळायचे हुकूम सुटले, तरी काही राहिले. कागद बाहेर आल्यावर आठवड्याच्या आत जपानच्या पंतप्रधानांना सेऊलमध्ये माफी मागावी लागली आणि १९९३ मध्ये मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांच्या निवेदनात सैन्याचा सहभाग मान्य झाला.

दुसरा कागद आपल्या अंगणातला आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातलं मिचिना पडलं, तेव्हा वीस कोरियन मुली अमेरिकन सैन्याच्या हाती लागल्या. त्यांना आसामात, लेडोला आणलं आणि तिथे त्यांची चौकशी झाली. त्या चौकशीचा अहवाल क्रमांक ४९ आजही वाचायला मिळतो. इस्पितळात जखमींची सेवा करायची, पट्ट्या गुंडाळायच्या, असं सांगून त्यांना नेलं होतं. अशा सुमारे ८०० जणी १९४२ मध्ये रंगूनला उतरल्या. अहवालात वेळापत्रक आहे: साधे सैनिक सकाळी दहा ते पाच, दीड येन, हवालदार वगैरे पाच ते नऊ, तीन येन, अधिकारी रात्री नऊ ते बारा, पाच येन. रेशन दुकानाच्या फळीवर लिहावं तसं. आणि हे लिहून घेणाऱ्या अमेरिकनाने आपले शेरेही मारून ठेवले आहेत: अशिक्षित, पोरकट, स्वार्थी, दिसायलाही सुंदर नाहीत. वाचताना माझं डोकं भणभणलं. नरकातून सुटून आलेल्या मुली समोर बसल्यात आणि हा गडी रूपाला मार्क देतोय!

अंदमानला तर आपण विमानं भरभरून जातो. सेल्युलर जेलमध्ये संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघताना आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मार्च १९४२ मध्ये बेटं जपान्यांच्या ताब्यात गेली, १९४३ च्या डिसेंबरात नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला, हे गाइड सांगतो. जपान्यांचे बंकर दाखवतो, त्यात उभं राहून फोटो काढतात. या बेटांवरही तसलीच ठाणी होती आणि त्यासाठी बायका बोटींतून आणल्या होत्या, हे त्याने सांगितलं नाही. पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंग यांनी जपान्यांना गुरुद्वारा या कामासाठी द्यायला नकार दिला, असं सांगतात. सेल्युलर जेलमध्येच अनन्वित छळ होऊन जानेवारी १९४४ मध्ये ते गेले. त्या जेलमध्ये आपल्याला आपली माणसं शोधायची सवय आहे, त्यात वावगं काही नाही. पण ती बघून झाल्यावर थोडा वेळ उरतो.

हे सगळं जपानच्या खात्यावर टाकून हात झटकता आले असते तर बरं झालं असतं. पण गोऱ्या साहेबाच्या छावण्यांतही पलटणीबरोबर लालबाजार, म्हणजे सैनिकांसाठीच्या वेश्यावस्त्या, असायचे. बायकांची नोंद, तपासणी, आजारी निघाली की लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, कोंडणं, सगळं रीतसर. १८८६ मध्ये सेनापतीच्या कचेरीतून परिपत्रक निघालं होतं की बायका पुरेशा संख्येने ठेवा आणि त्या पुरेशा आकर्षक असतील हे पाहा. पुढे ते फुटलं आणि विलायतेत मोठा गदारोळ झाला. कामाठीपुऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपियन बायकांबरोबर जपानी बायकाही होत्या. क्यूशूच्या गरीब गावांतून, अमाकुसा-शिमाबारातून, दलालांमार्फत विकल्या गेलेल्या. आमच्या मुंबईचा कापूस कोबेला जायचा, त्या दर्यावरून या इकडे यायच्या. त्यांचं प्रकरण युद्धाचं नव्हे, गरिबीचं. पण दलाल, कर्ज, बोट, डॉक्टर ही साखळी आयती तयार होती. सैन्याने ती पुढे उचलली.

आणि १९७१. आई सांगते, दादरच्या खोलीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद खळीने चिकटवले होते. वॉर्डन खालून ओरडायचा, तिसरा मजला, दिवा! टॅक्सीचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. ढाक्याच्या मैदानात पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय तो फोटो आमच्या घरात कितीतरी वर्षं होता. ९३,००० युद्धकैदी हा आकडा मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच नऊ महिन्यांत पूर्व बंगालमध्ये दोन ते चार लाख बायकांवर अत्याचार झाल्याचे अंदाज आहेत, कितीतरी जणी छावण्यांमध्ये डांबलेल्या होत्या. तो आकडा आमच्याकडे कुणी पाठ केला नाही. बांगलादेशच्या शेख मुजिबांनी त्यांना 'वीरांगना' म्हटलं. गावात मात्र त्याचीच हेटाळणी झाली, घरच्यांनी दारं लावली. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी नाव-चेहऱ्यासकट बोलल्या. सरकारने या बायकांना मुक्तियोद्धा म्हणून यादीत घ्यायला, त्यांना इतर सैनिकांसारखं मानधन द्यायला २०१५ उजाडलं. यादी, शिक्का, दरमहा काही हजार टका. उशिरा का होईना, मला हे सगळ्या स्मारकांपेक्षा भक्कम वाटतं.

स्मारकांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. सेऊलमध्ये जपानी वकिलातीसमोर जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी निदर्शनं होत आली. १००० व्या बुधवारी, डिसेंबर २०११ मध्ये, तिथे फुटपाथवर ब्राँझची मुलगी बसवली. कापलेले केस, अनवाणी पाय, टाचा जमिनीला नीट न टेकलेल्या, खांद्यावर पाखरू, शेजारी रिकामी खुर्ची. लोक थंडीत तिला मफलर गुंडाळतात. २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी आपसात करार केला, जपानने एक अब्ज येन द्यायचे आणि विषय कायमचा मिटला असं धरायचं. ज्यांच्या नावाने करार, त्या आज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये असंच स्मारक उभं राहिल्यावर ओसाकाने त्या शहराशी साठ वर्षांचं भगिनी-नगरीचं नातं २०१८ मध्ये तोडलं. आपल्या मुंबईची भगिनी योकोहामा, १९६५ पासून. मी गमतीने विचार करते की आमच्या चौकात अशी मुलगी बसवली तर? आठ दिवसांत तिला हार पडतील, मागे नगरसेवकाचा फलक लागेल, रिकाम्या खुर्चीत कोणीतरी कलिंगडाच्या फोडी विकायला ठेवेल. पुतळे आपल्याला उभारता येतात. तास घेता येत नाही. कोरियात नोंद झालेल्या २४० जणींपैकी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच हयात आहेत. जपानमध्ये १९९७ साली माध्यमिक शाळांच्या इतिहासाच्या सगळ्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख होता, पुढच्या दहा-बारा वर्षांत तो जवळजवळ पुसला गेला.

हळदीकुंकवाला दाराजवळच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. मंडळ आता विधवांनाही बोलावतं, चिटणीसबाई अभिमानाने सांगतात आणि ते खरंच आहे. आजी मात्र सवयीने दाराशीच बसतात. माझा मूळ विषय काय होता ते त्यांच्या सुनेकडून त्यांना कळलं होतं. मी निघताना त्यांनी हात धरला. "लेक, तुमी बाजाराचंच सांगितलं. ते दुसरं बी सांगायचं व्हतं की." आजी उस्मानाबादकडच्या. निजामाच्या रझाकारांच्या वेळी आठ-नऊ वर्षांच्या. रात्री पोरींना बळदात सोडायचे, वरून फळी, फळीवर पोती. आत ज्वारीचा दमट, गोडसर वास, अंगाला खाज सुटायची, टोके चढायचे, शिंकायचं नाही म्हणून पदर तोंडात धरायचा. थोरली आत्या मांडीवर घेऊन बसायची. एवढं सांगून त्या थांबल्या, आणि मग कुणी न विचारता म्हणाल्या, "आन् मिलिट्री आल्यावर मुलाण्याच्या पोरी बळदात व्हत्या. त्यांच्या घरी बळद न्हवतं, आमच्याच." त्या वाचल्या का, विचारलं. "त्या वाचल्या. दुसऱ्या लई व्हत्या." हैदराबादवरच्या १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर पाहणी करायला गेलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेडमध्ये मुसलमान बायकांवर काय बेतलं ते लिहून ठेवलंय. तो अहवाल कित्येक दशकं दडपलेला होता. रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो, सांगायलाच हवेत. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मात्र मराठवाड्याच्या सतरा सप्टेंबरच्या भाषणांत येत नाहीत. आजींनी दोन्ही एका दमात सांगितलं, वाण मांडीवर ठेवून. जपानी सैन्याने डांबलेल्या बायकांचा विषय आहे एवढं ऐकून त्यांना आपलं बळद आठवलं होतं. परदेशातलं शिकवून काय उपयोग, असं स्टाफरूममध्ये मला विचारणाऱ्यांना मी हल्ली हेच सांगते.

शाळेत मी तास घेतला तो फेब्रुवारीत, नववीच्या वर्गावर. मुख्याध्यापकांना आधी टाचण दाखवलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि "पालकांचे फोन आले तर तुमच्याकडे वळवतो" एवढंच म्हणाले. नाव, तारीख, वेळापत्रक, लेडो, एवढंच फळ्यावर लिहिलं. खुसखुस झाली नाही. एका मुलाने विचारलं, त्या पळून का नाही गेल्या? त्याला किम हाक-सूनचं सांगितलं, आणि नकाशावर कोरियापासून मिचिनापर्यंत बोट फिरवायला लावलं. भाषा येत नाही, खिशात पैसा नाही, चहूबाजूंनी सैन्य. बोट फिरवता फिरवता तो गप्प झाला. दुसऱ्याने विचारलं, पैसे त्यांना मिळायचे का? कागदावर अर्धा वाटा मिळायचा. आधी त्यातून आगाऊ दिलेलं कर्ज कापायचं, मग जेवणाचे, कपड्यांचे मालक लावेल ते दर. आणि सैन्याने छापलेल्या ज्या नोटा हातात राहायच्या, त्या युद्ध संपल्यावर रद्दी. हे मुलांना पटकन कळतं. घरोघरी कुणी ना कुणी कर्जाचे हप्ते फेडतंय. मग खिडकीजवळची एक मुलगी, जी वर्षभर फारशी बोलली नव्हती, म्हणाली, "मॅडम, घरी गेल्यावर त्यांना कोणी काय विचारलं?" मी म्हटलं, बऱ्याच जणी घरी गेल्याच नाहीत, आणि गेल्या त्यांना बहुतेक घरांत कोणी काही विचारलं नाही. "म्हणजे त्यांनी सांगितलं नाही, की ह्यांनी विचारलं नाही?" तिने परत विचारलं. बेल झाली तरी वर्ग उठला नाही. पुढच्या तासाची गणिताची मॅडम दारात येऊन उभी राहिली, मग उठले. पालकांचे दोन फोन आले. एक तक्रारीचा. दुसरी आई म्हणाली, वाचायला मराठीत काही आहे का, मलाच हवंय.